गार चहाचं संशोधन

कुवेतातल्या अहमदीत मी तेल कंपनीच्या प्रशिक्षण कचेरीत टायपिस्ट होते. कचेरी म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला वर्ग, दुसऱ्या टोकाला साहेबाची खोली, मधे मी. वर्गात काय चाललंय ते कानावर पडायचं आणि त्याबद्दल साहेबाला काय वाटलं ते माझ्या टाइपरायटरवर यायचं. दोन्हींचा मेळ बसतोच असं नाही, हे मला तिथे लवकर कळलं.

कुवेतात तेव्हा अजून आपलाच रुपया चालत होता. मुंबईची बोट लागली की कित्येक दिवसांची वर्तमानपत्रं एकदम हातात पडत. त्यांत भाषावार राज्यांच्या सभा आणि मोर्चे. आमचे हे मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर बोटींच्या नोंदी ठेवायला होते. संध्याकाळी घरी येऊन ते शिळे पेपर मोठ्याने वाचत आणि ताजेपणाने चिडत.

त्याच सुमाराला सुमात्राच्या तेलविहिरींवर काम केलेल्या इंडोनेशियन माणसांची एक लहानशी तुकडी आमच्याकडे शिकायला आली. कामाला ती तयार होती. टँकरला तेलाचे जाडजूड रबरी नळ जोडायचे, झडपा उघडायच्या, दाबावर लक्ष ठेवायचं, यात त्यांना काही शिकवावं लागलं नाही. पण धक्क्यावर कायम होण्यासाठी एक अट होती. कामापुरतं इंग्रजी बोलता आलं पाहिजे. लेखी परीक्षेत सगळ्यांनी चांगले गुण मिळवले. तोंडी परीक्षेत कोणी तोंडच उघडलं नाही.

साहेब टेबलावर एक झडप ठेवायचा, खुर्चीत मागे रेलून पाइप पेटवायचा आणि वाट बघत बसायचा. समोरचा माणूस झडपेकडे बघायचा, साहेबाकडे बघायचा, अदबीने हसायचा आणि हात मांडीवर ठेवून गप्प. पाइप विझला की पुढचा माणूस आत. परीक्षा आटोपल्यावर साहेबाने मला मजकूर सांगितला. या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवणं शक्य दिसत नाही, सबब त्यांना परत पाठवावं. मी तो टाइप केला. टाइप करणं माझं काम होतं, पटणं नव्हे.

परत जाणं म्हणजे काय, ते त्यांच्यातल्या सर्वांत वडील माणसाने मला एकदा मोडक्या हिंदीत सांगितलं होतं. केस पिकलेला, शांत माणूस. सुमात्रातली त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. इथून परतला तर त्याला ना तिथलं काम होतं, ना इथलं. बाकीच्यांचंही थोडंफार तसंच.

साहेबाचा मजकूर वर जायच्या आत कचेरीत एक बाई आल्या. त्या रिफायनरीतल्या एका इंडोनेशियन इंजिनिअरची बायको. चणीने लहान, पायांत सपाट चपला आणि डोक्यावर छत्री. अहमदीच्या रस्त्यांवर भर उन्हात कोणी पायी चालत नसे. या चालत. माणसं त्यांना ‘इबू’ म्हणत. आपल्याकडच्या ‘आई’ आणि ‘बाई’ दोन्हींची जागा हा एक शब्द घेतो. मीही त्यांना इबूच म्हणू लागले; आमचं बोलणं इंग्रजीत चाले.

इबू आपल्या देशात भाषाशास्त्र शिकलेल्या. लग्न, मग इकडची बदली, त्यात प्रबंध लिहायचा राहिला होता. विषय मात्र त्यांनी सोडला नव्हता. इंडोनेशियन भाषा तिथल्या बहुतेकांची घरची भाषा नाही, ती शाळेत शिकायची भाषा. तर एक भाषा अशी शिकलेला माणूस पुढची भाषा कशी शिकतो, हे त्यांना शोधायचं होतं.

“मॅडम, मी निम्म्या जगाची माणसं शिकवलीत,” साहेब म्हणाला. “ही माणसं बोलणार नाहीत.”

“तुमचं बरोबर असेल,” इबू म्हणाल्या. “मला त्यांचं न बोलणं ऐकायचंय.”

साहेबाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्याने रमजान लागेपर्यंतची मुदत दिली. तोवर माणसं बोलती झाली तर पुन्हा परीक्षा, नाहीतर बोट. क्लबातला टेपरेकॉर्डरही वापरायला दिला. तेव्हाचा टेपरेकॉर्डर म्हणजे एक छोटी ट्रंकच. ती कोण उचलणार हा प्रश्न आला तेव्हा साहेबाने माझ्याकडे बघितलं. अशी मी या संशोधनात शिरले.

माणसं इबूंच्या बंगल्यावर मोकळेपणाने बसणार नाहीत, कारण तो इंजिनिअरचा बंगला. त्यांच्या बराकीत बाईमाणूस जाणार नाही. उरलं आमचं क्वार्टर. मी म्हटलं, “या. पण मला सातला स्वयंपाकाला लागायचं असतं.”

पहिल्या दिवशी सगळे वेळेवर आले. चपला दारात ओळीने लावल्या. बैठकीत सतरंजी होती, तिच्यावर बसले. मी चहा केला, बशीत शंकरपाळे घातले, सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि आत कणीक मळायला गेले. पाहुण्याच्या डोक्यावर उभं राहून ‘घ्या, घ्या, आणखी घ्या’ करणं मला कधी जमलं नाही. माणसाला भूक असली की तो घेतो, असा माझा साधा हिशेब.

अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर आले तर टेपरेकॉर्डरची चाकं फिरताहेत, वर पंखा फिरतोय आणि माणसं गप्प बसलीत. चहावर साय धरलेली. शंकरपाळ्यांच्या बशीला बोट लागलेलं नाही. इबूंच्याही पुढचा कप तसाच.

माझं डोकं फिरलं. “चहा आवडत नसेल तर तसं सांगायचं! साखर, दूध, सगळं वाया गेलं.”

इबू गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, “तुम्ही ‘घ्या’ म्हटलंच नाहीत.”

“पुढ्यात ठेवला की! आणि कशाला ठेवतात?”

“ठेवलात खरा. पण घ्या म्हटल्याशिवाय कसं घ्यायचं? आम्ही वाट बघत होतो.”

“मग तुम्ही तरी मला आत येऊन सांगायचं.”

“मीही पाहुणीच ना तुमच्या घरी.”

माणसं खाली मान घालून हसत होती. मी म्हटलं, “बरं बाबा, घ्या.” एका क्षणात सगळ्यांचे हात कपांकडे गेले आणि तो गार, सायीचा चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. शंकरपाळेही संपले. सगळ्यांत तरुण होता त्याने बशीतला चुरासुद्धा सोडला नाही.

मी कप गोळा करता करता म्हटलं, “तुमच्या साहेबानेही झडप पुढ्यात ठेवली आणि ‘बोला’ म्हणाला नाही.”

मी हे रागात बोलले. इबूंनी मात्र टेप थांबवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील सापडलं. तसं काही नाही. म्हणाल्या, “असू शकेल. पण चहाच्या एका कपावरून मी काही मांडणार नाही. तपासलं पाहिजे.”

इथून पुढे त्या बाईंविषयी मला जो आदर वाटू लागला, तो आजतागायत आहे. मला स्वतःला एखादी गोष्ट पटली की मी पुढच्या कामाला लागते. इबूंना पटलेलीच गोष्ट आधी संशयास्पद वाटे. त्या छत्री घेऊन फहाहीलच्या बाजारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे रत्नागिरीकडच्या एका मुसलमान गृहस्थांचं किराणा दुकान होतं, तुकडीतली माणसं त्यांच्याकडे खरेदी करत. मी इबूंच्या वतीने चौकशी केली.

“वयनी, ही मानसं भारी सभ्य,” दुकानदार म्हणाले. “दारात येऊन उभी ऱ्हातात. मी ‘काय पायजे’ म्हटल्याबिगर हूं की चूं नाय. पहिल्यांदा मला वाटलं, मुकी हायत.”

“आणि विचारल्यावर?”

“विचारल्यावर काय! हिंदी, अरबी, इंग्लिश, सगळ्याची भेळ. पन भाव बराबर पाडून घेतात.”

इबूंनी एवढ्यावरही भागवलं नाही. आमच्या सतरंजीवर त्यांनी एके दिवशी साहेबासारखं नुसतं चित्र ठेवून वाट बघितली, तर टेपवर नुसता पंख्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी तेच चित्र ठेवून “कोण सांगेल?” असं सगळ्यांना मिळून विचारलं, तरी पंखाच. कारण वडील माणसाच्या आधी बोलणं आगाऊपणा, आणि वडील माणसाने आपणहून बोलणं म्हणजे मिरवणं. तिसऱ्या दिवशी वयाप्रमाणे एकेकाला नाव घेऊन म्हटलं, “सांगा.” काय सांगू! मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. क्रियापदं मोडकी होती, पण सांगायचं ते सगळं येत होतं. नळ कुठे गळतो, झडप आधी कुठली बंद करायची, सुमात्रात कधी काय फुटलं होतं. थांबवेपर्यंत थांबेनात. माझी पोळी करपली.

मधल्या वेळात आम्हा दोघींचं बोलणं व्हायचं. आमचे हे एकदा पेपर वाचून तणतणत होते, तेव्हा इबूंनी विचारलं, कशाबद्दल? मी सांगितलं, भाषेबद्दल. कुठली भाषा कुठे चालायची याबद्दल.

“आमच्याकडे सर्वांत जास्त लोक माझी भाषा बोलतात, जावानीज,” त्या म्हणाल्या. “पण देशाची भाषा ती नाही. बंदराबंदरांतून व्यापारी जी बोलत, ती घेतली.”

“आणि तुमच्या लोकांनी घेऊ दिली?” ह्यांनी पेपर खाली घेतला.

“जावानीजमध्ये समोरचा मोठा की लहान हे ठरल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही. नव्या देशात सगळ्यांनी एकमेकांशी सरळ बोलावं, असं तेव्हाच्या तरुणांना वाटलं.” मग हसून म्हणाल्या, “भाषा बदलली. मोठ्या-लहानाची सवय अजून बदलायचीय. ती तुमच्या सतरंजीवर बसलेली असते.”

ह्यांनी पेपराची घडी घातली. नंतर मला म्हणाले, “एवढ्या मोठ्या समूहाने आपली भाषा बाजूला ठेवली. आणि आपण?” मी म्हटलं, “आपण आधी जेवू.”

इबूंनी आपलं निरीक्षण लिहून साहेबापुढे ठेवलं. मला वाटलं, झालं काम. साहेबाने ते नीट वाचलं, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मग म्हणाला, “मॅडम, पटलं. पण धक्क्यावर नळ फुटेल तेव्हा मी एकेकाला वयाप्रमाणे नाव घेऊन ‘कृपया बोला’ म्हणत बसू? तिथे न विचारता ओरडणारा माणूस लागतो.”

मला तो माणूस आवडत नसे, पण मुद्दा बिनतोड होता. इबूंनीही तो तसाच मान्य केला. बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “मी ती माणसं गप्प का, हे सांगितलं. बोलती कशी होतील, ते सांगितलंच नाही. साहेबांचं बरोबर आहे.” रमजान दोन-तीन आठवड्यांवर आला होता. दुसरी एखादी रडली असती. त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं, प्यायल्या आणि विचार करत बसल्या.

वाट सापडली ती त्यांच्या साहित्यातून. त्या लोकांकडे पान्तून नावाची चार ओळींची कविता असते. पहिल्या दोन ओळींत नारळ, होडी, पाऊस असं काहीबाही, आणि खरं म्हणणं शेवटच्या दोन ओळींत. यमक मात्र पहिलीचं तिसरीशी, दुसरीचं चौथीशी जुळलं पाहिजे. मी ऐकलं आणि म्हटलं, हा तर आमचा उखाणा. चांदीच्या ताटाचा नवऱ्याच्या नावाशी काही संबंध नसतो, पण ताट आल्याशिवाय नाव येत नाही.

“उखाणा कधी घेता?” इबूंनी लगेच विचारलं.

“लग्नात. पण लगेच नाही. सगळ्यांनी मागे लागायचं, नवरीने नाही नाही म्हणायचं, बराच आग्रह झाला की मग.”

इबू ताठ बसल्या. “आमच्याकडे, सुमात्रात, उलट आहे. लग्नात मुलाकडचा माणूस पान्तून टाकतो. मुलीकडच्याने लगेच परतवायचं. कोणी ‘बोला’ म्हणत नाही. परतवता आलं नाही तर सगळ्या मांडवासमोर हार.”

म्हणजे चहाच्या कपासाठी वाट बघणारी हीच माणसं पान्तूनसाठी एक क्षण थांबत नव्हती. न विचारता बोलायची जागा त्यांच्याकडे होतीच, ती आम्ही सतरंजीवर आणलेली नव्हती.

पुढचे दिवस आमचं घर म्हणजे लग्नाचा मांडव झालं. इबूंनी माणसांचे दोन पक्ष केले आणि धक्क्यावरच्या आरोळ्यांचा सामना लावला. एका पक्षाने इंग्रजीत आरोळी टाकायची, ‘दाब वाढतोय!’ दुसऱ्याने तत्क्षणी परतवायची, ‘दोन नंबर बंद करतो!’ आणि वर स्वतःची एक टाकायची. अडखळला तो पक्ष हरला. पहिल्या दिवशी लाजले. दुसऱ्या दिवशी सतरंजीवरून उठून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या केरळी नर्सने भिंत ठोकली. आमचे हे तर एका पक्षाला सामील झाले.

“अहो, तुम्ही कशाला? तुम्हाला येतं इंग्रजी.”

“तू मध्ये बोलू नकोस, आमचा पक्ष हरतोय!”

चहाच्या वेळी आता मी न विसरता “घ्या” म्हणत असे. हे म्हणाले, “लग्न झाल्यापासून मला एकदा तरी म्हणालीस का?” मी म्हटलं, “तुम्ही कधी थांबलात?”

शेवटच्या दिवशी त्या वडील माणसाने कप हातात घेऊन त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. सगळे खो-खो हसले. इबूंनी मला अर्थ सांगितला, आणि मी तो मराठीत बसवून ठेवला:

खाडीकाठी नारळ पडला,
होडी अजून बांधलेली;
चहा समोर गार पडला,
हाक अजून राहिलेली.

माझी चेष्टा होती. चांगली होती, म्हणून लक्षात राहिली.

परीक्षा धक्क्यावर झाली. मला मजकूर उतरवून घ्यायला नेलं होतं. वारा असा की कागद धरवेना. एक टँकर लागलेला, क्रेनने नळ वर उचलला जात होता. साहेबाने माणसांना ओळीत उभं केलं आणि मुद्दाम काहीच न विचारता पाइप काढला. धक्क्यावर तो पेटवायला बंदी होती, भरायला नव्हती. इबू लांब, छत्रीखाली. त्यांनाही बोलायची मनाई होती.

ओळ गप्प. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. साहेब पाइप भरत भरत दोन पावलं मागे सरकला, तो थेट उचलल्या जाणाऱ्या नळाच्या खाली.

“सर! तिथे नाही! बाहेर या!” वडील माणसाची आरोळी पार टँकरवर ऐकू गेली असेल. आणि ती संपायच्या आत दुसऱ्याने क्रेनवाल्याला “थांबव!” म्हणून परतवली, तिसऱ्याने “नळ खाली घे, सावकाश!” जणू मांडवातच उभे होते.

साहेब बाहेर आला. वर नळाकडे बघितलं, पाइप खिशात ठेवला. तो तिथे मुद्दाम उभा राहिला होता की चुकून, हे त्याने कधी सांगितलं नाही. मला विचाराल तर चुकून. त्यानंतर त्याने एकेकाला प्रश्न विचारले आणि उत्तरं आली.

पण सगळ्यांकडून नाही. बशीतला चुरा खाणारा तो तरुण. आमच्या घरी तो सर्वांत मोठ्याने ओरडायचा. धक्क्यावर त्याचा आवाज फुटला नाही. साहेबाने दोनदा विचारलं, नाव घेऊन, सौम्यपणे. इबूंची छत्री हलली, पण त्या बोलल्या नाहीत. तो तेवढा परत गेला. बाकीचे धक्क्यावर कायम झाले. जुना मजकूर साहेबाने माझ्यासमोर फाडला आणि नवा सांगितला. तोही मी टाइप केला. या खेपेला पटलेलाही होता.

पुढे इबूंचा प्रबंध मीच टाइप केला, कचेरी सुटल्यावर. चहा, दुकान, पान्तून, धक्का, सगळं त्यात होतं, पण फुगवलेलं काही नव्हतं. जिथे खात्री नव्हती तिथे ‘खात्री नाही’ असं लिहिलेलं. शेवटी त्या तरुणावर एक प्रकरण होतं. मी म्हटलं, “हे कशाला? बाकीचं किती छान जमलंय. एक माणूस गेला तर गेला.”

“जे बोलले त्यांच्याबद्दल मला आता थोडंफार कळलंय,” इबू म्हणाल्या. “तो का बोलला नाही, ते अजून कळलेलं नाही. माझी पद्धत त्याच्यापाशी चालली नाही. हे मी लिहिलं नाही, तर पुढचा शिक्षक त्याच्यासारख्या मुलाला मठ्ठ म्हणून परत पाठवील.”

मी कागद चढवला. दुरुस्त्या खूप होत्या, त्यांनी ते पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. साऱ्या प्रबंधात सर्वांत लांब प्रकरण तेच झालं, आणि त्याच्या अखेरीस उत्तर नव्हतं, प्रश्न होते. मी एकही गाळला नाही.